मे महिन्यातला घरातलाच शनिवार-रविवार (मुलं लहान असताना)

मोगरावेणी | १५ मे २०२३, रात्री १०.१०

या शनिवार-रविवारी आम्ही गुहागरला असणार होतो. बुधवारी धाकट्याला ताप भरला. शुक्रवारी उतरला, पण साडेतीन वर्षांच्या पोराला अशक्तपणात घाटातून पाच-सहा तास गाडीत बसवायचं मन होईना. खोली रद्द केली. मोठीला (वय सात) सांगितलं तेव्हा ती रडली नाही, हट्ट केला नाही. बॅग उघडली, वाळूत खेळायला घेतलेली लाल बादली आणि फावडं बाहेर काढलं आणि बाल्कनीत कुंड्यांच्या मागे नेऊन ठेवलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग आम्ही दोघांनी शुक्रवारी रात्री ठरवलं, की याची भरपाई म्हणून मॉल, गेमझोन, वॉटरपार्क असलं काही करायचं नाही. घरीच राहायचं. सकाळी एक काम, संध्याकाळी एक काम, मधला वेळ मोकळा. एवढंच ठरलं आणि मी रात्री दोन वाट्या साबुदाणा भिजत घातला.

शनिवारी सकाळी साडेसातला गच्चीवर. आमची सहकारनगरमधली तीन मजली जुनी इमारत, गच्ची सगळ्यांना खुली. शेजारच्या काकूंनी जाड प्लॅस्टिकचा कागद दिला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार विटा. पातेलं अजून गरम होतं, म्हणून पळी माझ्या हातात आणि तिचा हात माझ्या हातावर, अशा पहिल्या दहा-बारा पापड्या घातल्या. पीठ कोमट झाल्यावर तिने एकटीने घातल्या. पळी मधोमध रिकामी करायची आणि तिच्याच बुडाने आतून बाहेर गोल फिरवत पसरायची, हे तिला चौथ्या-पाचव्या पापडीला जमलं. त्याआधी दोन पापड्या एकमेकींना चिकटून आठचा आकडा झाला होता. मी मोडायला गेले तर म्हणाली, "राहू दे, मी जूनमध्ये आठ वर्षांची होणार आहे ना."

धाकट्याला राखणीचं काम दिलं. बाबाची काळी छत्री उघडून तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला आणि कावळा दिसला की छत्री हलवायची. कावळा आला एकच, आणि तोही शेजारच्या गच्चीवर. पण पोरगं वीस मिनिटं जागचं हललं नाही. ताप उतरल्यानंतर त्याला इतकं टक्क जागं मी पहिल्यांदाच पाहिलं. दहाच्या आत आम्ही पापड्यांवर जुनी सुती ओढणी टाकून खाली आलो, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. पुण्यात हे फार उपयोगी पडतं: दहाला घर बंद करायचं आणि दिवेलागणीला सताड उघडायचं. पश्चिमेचा वारा सुटला की रात्री पंख्यावर भागतं.

शनिवारी १३ मे होता, म्हणजे पुण्याचा शून्य सावलीचा दिवस. पेपरात वेळ दिली होती १२ वाजून ३१ मिनिटं. मी अकरालाच मोठीला घेऊन पुन्हा वर गेले, एक सरळ कडांचा उंच स्टीलचा डबा फरशीवर उभा केला आणि त्याच्या सावलीच्या टोकाला तिने खडूने रेघ मारली. दर अर्ध्या तासाने टोपी घालून वर जायचं, रेघ मारायची आणि धावत खाली यायचं. बाराला सावली तिच्या करंगळीएवढी राहिली. साडेबाराला आम्ही चौघंही वर होतो. डबा होता, ऊन होतं आणि सावली नव्हती. नुसता डबा कुणीतरी चित्रात चिकटवल्यासारखा दिसत होता. तिने डबा उचलून खाली बघितलं. म्हणाली, "इथे आहे ती, खाली लपली." धाकटा स्वतःची सावली शोधत गोल गोल फिरला, ती त्याच्या पायांपाशीच गोळा झालेली होती, ते बघून इतका हसला की बाबाला उचलून खाली आणावं लागलं. फरशी तापली होती.

जेवायला पायरीचा रस, पोळी, कुरडई, काकडीची कोशिंबीर. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांकडे तेच असणार.

मला खरं लिहायचं आहे ते दुपारबद्दल. दोन ते पाच आम्ही काहीही ठरवलं नव्हतं. पहिली चाळीस मिनिटं "आई, कंटाळा आला" सुरू होतं. माझ्या जिभेवर दोनदा आलं, की जा, बाबाचा मोबाईल घे. नाही म्हटलं. मी थंड लादीवर उशी घेऊन आडवी झाले आणि सांगितलं, मीसुद्धा काही करत नाहीये, तूही नको करूस. थोड्या वेळाने खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. मग कपाट उघडल्याचा. डोळे उघडून पाहिलं तर दोन खुर्च्या आणि सोफ्याच्या मधे चादर टाकून घर झालेलं होतं. भातुकलीतल्या बोळक्यांत पन्हं ओतलेलं. धाकटा पाहुणा. तो दार वाजवायचा, ती विचारायची, "कुठून आलात?" तो म्हणायचा, "गुहागरहून." दर वेळी गुहागरहूनच. मग ती विचारायची, समुद्र कसा आहे? तो सांगायचा, "बरा आहे."

हे मी लिहून ठेवते आहे, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत तिला दोन शिबिरांना घातलं होतं. सकाळी चित्रकला, संध्याकाळी पोहणं, मधे रिक्षा, डबा, "चल लवकर". पोहायला ती शिकली आणि त्याचा मला आनंदच आहे. पण त्या अख्ख्या मे महिन्यात मी तिला एकदाही स्वतःहून काही मांडताना पाहिलं नव्हतं. मला अगदी मनापासून वाटतं, की लहान मुलाला रोज दोन-तीन तास असे हवेत जिथे कुणी काही सांगत नाही आणि आई-बाबा आवाजाच्या टप्प्यात असतात. दोन्ही गोष्टी हव्यात. नुसतं मोकळं सोडून आपण लॅपटॉप उघडून बसलो तर मुलं पाच मिनिटांत आपल्याकडेच येतात, हेही मी पाहिलं आहे.

पाचला पापड्या उलटल्या. कडेने सुटल्या होत्या, मधे ओलसर. अशी अर्धओली पापडी खाण्यातली मजा ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. चार संपल्या. मग ती लाल बादली बाहेर आली. बादलीत अर्धं पाणी, दोन जुने रंगाचे ब्रश आणि गच्चीचा तापलेला कठडा. नुसत्या पाण्याने चित्रं काढायची. मासा काढायला घ्यावा तर शेपटी होईपर्यंत डोकं वाळून गेलेलं. मोठीने मग युक्ती काढली: ती डोकं काढायची आणि तेवढ्यात धाकट्याने शेपटी फराटायची. दोघांनी मिळून तासभर मासे पळवले. पाणी लागलं अर्धी बादली.

रात्री गच्चीवरच सतरंजी टाकली. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता, त्यामुळे शहरातल्या उजेडातही बरंच दिसलं. पश्चिमेला शुक्र, उत्तरेला वर सप्तर्षी. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, अजून पुढे चित्रा. शेपटीच्या मधल्या ताऱ्याजवळ, वसिष्ठाजवळ, बारीकशी अरुंधती मोठीला लगेच दिसली. नवऱ्याला चष्मा पुसून दिसली. धाकटा तोवर झोपला होता.

रविवार याहून साधा. सहाला तळजाईची टेकडी, मोराचा आवाज ऐकला, मोर दिसला नाही. आठला परत. पापड्यांना दुसरं ऊन. दुपारी पत्ते: भिकार-सावकार, कारण त्यात धाकट्यालाही घेता येतं. संध्याकाळी डबा भरला. तिने आठचा आकडा सगळ्यांत वर ठेवला.

तुमच्याकडे घरी असलेले असे दिवस कसे जातात? गच्ची नसलेल्यांनी जरूर लिहा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

चिमणचारा | १५ मे, रात्री १०.४८

किती छान लिहिलंयस गं. "गुहागरहून" वाचून डोळ्यांत पाणी आलं. धाकटा आता बरा आहे ना? आणि पापड्यांचं प्रमाण दे प्लीज, माझ्या नेहमी तडकतात.

---

मोगरावेणी | १५ मे, रात्री ११.०५

बरा आहे गं, आज दोनदा वरण-भात मागून खाल्ला.

प्रमाण असं: एक वाटी साबुदाणा रात्री बुडेल इतक्या पाण्यात भिजवायचा. सकाळी पाच वाट्या पाणी उकळून त्यात भिजलेला साबुदाणा, जिरं, मीठ. मध्यम आचेवर ढवळत राहायचं, दाणा पारदर्शक झाला आणि पळीवरून संथ पडायला लागलं की बंद. मीठ चवीला कमीच वाटलं पाहिजे, वाळल्यावर खारट होतं. तडकतात म्हणजे बहुतेक पीठ घट्ट होत असेल किंवा पापडी कडेला फार पातळ पसरली जात असेल. गार होताना दाटतं, तेव्हा अर्धी वाटी उकळतं पाणी घालून सारखं करून घे.

---

नारायणपेठकर | १६ मे, सकाळी ६.२०

मोगरावेणी, तुमचा लेख पहाटे वाचला आणि मन एकदम साठ-बासष्ट वर्षं मागे गेलं. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं आणि वाडा गेला. त्याच्या आधीचा मे महिना हा माझा त्या वाड्यातला शेवटचा मे. मी नऊ वर्षांचा होतो.

सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता, कारण सगळे आमच्याकडेच यायचे. आत्या, मावश्या, त्यांची मुलं. एका अंधाऱ्या खोलीत गवतात आंब्याची अढी लावलेली असे. त्या खोलीत जायला मुलांना बंदी. पण आजी रोज सकाळी अढी तपासायला जाताना एका नातवंडाला सोबत घ्यायची. पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्याने तिच्यासोबत बसून एकेक आंबा हातात घ्यायचा, देठापाशी वास घ्यायचा, आणि "झाला" की "व्हायचाय" ते सांगायचं. आजी बरोबर की चूक सांगायची नाही. झाला म्हटलेला आंबा ती वेगळ्या परातीत ठेवायची आणि दुपारी तोच कापायची. आंबट निघाला तर सगळ्यांना कळायचं. त्यामुळे वास फार मन लावून घ्यावा लागे. आज माझ्या सुनेने पेटी आणली की मी नातवाला घेऊन तेच करतो. गवत नाही, वर्तमानपत्र आहे. पण त्याला आता देठाचा वास ओळखता येतो.

रविवारी कधी आईस्क्रीमचा पॉट भाड्याने आणायचे. मधे दूध आटवून भरलेलं डबडं, भोवती बर्फ आणि खडं मीठ. मोठी मुलं दांडा फिरवायची आणि शेवटी दांडा फिरेनासा झाला की ओरडा व्हायचा. मीठ कशाला घालतात ते तेव्हा आम्हांला कुणी सांगितलं नाही.

तुमच्या मुलीने आठचा आकडा मोडू दिला नाही, हे फार आवडलं. तिला माझा आशीर्वाद सांगा.

---

कोनशिला | १६ मे, सकाळी ९.१५

काका, बर्फात मीठ मिसळलं की त्याचा वितळणबिंदू शून्याच्या खाली जातो. बर्फ वितळायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने, म्हणजे मधल्या डब्यातल्या दुधातून खेचतो. पुरेसं मीठ असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं, घरच्या पॉटमध्ये तेवढं नाही, पण दूध गोठायला भरपूर. नुसत्या बर्फाने आईस्क्रीम कधीच झालं नसतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून सावलीबद्दलही लिहिते. मोगरावेणी, पुढच्या वर्षी मुलगी "असं का?" विचारेल तेव्हा उपयोगी पडेल. २१ जूनपर्यंत सूर्य उत्तरेकडे सरकत असतो. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. १३ मेच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर तेवढ्याच अंशावर, म्हणजे आपल्या अगदी डोक्यावर येतो. परत दक्षिणेकडे जाताना जुलैच्या शेवटी तो पुन्हा डोक्यावरून जातो, पण तेव्हा पुण्यात ढग असतात, म्हणून मे महिन्यातलाच दिवस धरायचा. मुंबई थोडी उत्तरेला, तिथे दोन-तीन दिवसांनी. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिथे हा दिवस कधीच येत नाही.

आणि बरोबर बाराला का नाही? आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात. पुणे त्याच्या सुमारे साडेआठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळपास पस्तीस मिनिटं उशीर. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की साडेबारा.

खडूच्या रेघा पुसल्या नसतील तर फोटो काढून ठेवा. वर्गात दाखवायला मला फार आवडेल.

---

वाकडवासी | १६ मे, दुपारी १.३०

लेख आवडला, पण सगळं पटलं नाही, म्हणून लिहितो.

आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या गच्चीला कुलूप. शेजारी कोण आहेत ते लिफ्टमध्ये भेटतात तेवढंच. मुलगा पाच वर्षांचा, एकटा. त्याला पाहुणा व्हायला धाकटा भाऊ नाही. तो "कंटाळा आला" म्हणतो तेव्हा चाळीस मिनिटांनी खुर्च्यांचा आवाज येत नाही. तो माझ्या मांडीवर येऊन बसतो आणि तिथेच राहतो. आम्ही दोघं आठवडाभर थकलेले असतो. शिबिरात तो निदान दहा मुलांबरोबर असतो. त्यामुळे शिबिरं म्हणजे धावपळ आणि घर म्हणजे निवांतपणा असं मला मांडता येत नाही. माझ्या मुलासाठी उलट आहे.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. खरंच मार्ग हवा आहे.

---

रुणझुण | १६ मे, रात्री ९.५०

मी परिचारिका आहे. शनिवारी ड्यूटी असते, रविवार एकच मिळतो आणि घरात मी आणि माझी लेक, दोघीच. ती सहा वर्षांची. शनिवारी ती माझ्या आईकडे असते.

आमचा रविवार असा असतो: सकाळी मंडईत जातो. तिच्या हातात वेगळी छोटी पिशवी आणि पन्नास रुपये. त्यात काय घ्यायचं ते ती ठरवते. एकदा तिने पन्नास रुपयांचा नुसता पुदिना आणला. चार दिवस आम्ही पुदिन्याची चटणी, पुदिन्याचं सरबत, पुदिन्याचे पराठे खाल्ले आणि मी एकदाही काही बोलले नाही. पुढच्या रविवारी तिने स्वतःच दोन कैऱ्या, काकडी आणि पाच रुपयांची कोथिंबीर घेतली.

दुपारी माठ. दर रविवारी रिकामा करून आतून नुसत्या पाण्याने आणि हाताने घासायचा, साबण नाही. तिचा हात माठाच्या तोंडातून आरामात आत जातो, माझा अडकतो, म्हणून ते काम तिचंच. आतून हात फिरवताना तिचा कान माठाला लागलेला असतो आणि ती आत काहीतरी गुणगुणते, तो आवाज घुमतो. मग वाळ्याची जुडी उन्हात ठेवायची, माठ भरायचा, चार मोगरे टाकायचे. संध्याकाळी पहिला पेला तिला.

वाकडवासी, माझ्याकडेही गच्ची नाही आणि भावंड नाही. मांडीवर येऊन बसतो म्हणता, तर त्याला बसू द्या की. पाच वर्षांचा आहे. माझी लेक गेल्या वर्षापर्यंत बसायची, आता बसत नाही.

---

समुद्रपक्षी | १७ मे, सकाळी ८.०५

मी दादरला राहते, माहेर पुण्याचं. माठ पुण्यासारखा गार इकडे होतच नाही. आईने पुण्याहून माठ आणून दिला, तरी नाही. माती वेगळी असते का?

---

कोनशिला | १७ मे, सकाळी ९.००

माती तीच, हवा वेगळी. माठातून पाझरलेलं पाणी बाहेरच्या बाजूने वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पुण्याची मे महिन्यातली हवा कोरडी, म्हणून पाणी झटझट उडतं. मुंबईच्या दमट हवेत आधीच इतकी वाफ आहे की पाणी फार हळू उडतं. माठ खिडकीत वारा लागेल असा तिवईवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. थोडा फरक पडेल.

---

मोगरावेणी | १७ मे, रात्री १०.३०

कोनशिलाताई, रेघा अजून आहेत. फोटो उद्या टाकते. मुलीला तुमचं रेखांशाचं सांगितलं, तिला अर्धंच कळलं, पण "म्हणजे घड्याळ चुकीचं आहे आणि डबा बरोबर आहे" हे तिने लगेच बाबाला जाऊन सांगितलं.

काका, आशीर्वाद पोचवला. अढीचं वाचून आम्हीही काल आंब्यांचे वास घेतले. तिने "झाला" म्हटलेला आंबा आंबट निघाला, तिने तो पूर्ण खाल्ला.

रुणझुण, पन्नास रुपयांच्या पुदिन्यासाठी तुला कडकडून मिठी. मी बोलले असते. पुढच्या वेळी नाही बोलणार.

वाकडवासी, तुमचं वाचून मी दोन दिवस विचार करते आहे. तुमचं बरोबर आहे, मी माझ्या घरात दोन मुलं आहेत हे धरूनच लिहिलं. एकट्या मुलाला दुपारी दुसरं मूल लागतं. आमच्या इमारतीत शेजारच्या काकूंची नात सुट्टीला येते तेव्हा मलाही तो फरक दिसतो. तुमच्या मजल्यावर त्याच्या वयाचं कुणी आहे का? एखाद्या शनिवारी दोन ते पाच त्या मुलाला तुमच्याकडे बोलवायचं, खायला काहीतरी साधं, खेळ त्यांचा ते ठरवतील. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे. लिफ्टमध्ये विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. पण समोरच्या घरातही तुमच्यासारखेच दोघं थकून बसलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि शिबिराबद्दल: त्याला आवडत असेल तर नक्की पाठवा. मी जे पाहिलं ते माझ्या मुलीपुरतं आहे.

---

आजोळघर | १८ मे, दुपारी ३.१५

स्क्रीनचं कुणी लिहिलं नाही, म्हणून विचारते. अजिबात नाही म्हटलं तर आमच्याकडे रणकंदन होतं. तुमच्याकडे शनिवार-रविवारात खरंच शून्य होता?

---

मोगरावेणी | १८ मे, रात्री ९.२०

शून्य नाही. रविवारी संध्याकाळी तासभर टीव्ही लावला, मी डबे भरत होते आणि नवरा इस्त्री करत होता. आमच्याकडे वेळ आधीच ठरलेली असते, "सहा ते सात". त्यामुळे दिवसभर मागणी होत नाही. मागितलं की घड्याळ दाखवायचं.

आणखी एक: बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुमच्या जन्मसालचा मे महिन्याचा अंक उघडा आणि मुलांना वाचून दाखवा. माझी मुलगी माझ्या वेळची चित्रं बघून दर पानाला विचारत होती, "तू तेव्हा होतीस?" पडदाच आहे, पण मांडीवर घेऊन वाचायचा पडदा.

---

नारायणपेठकर | १९ मे, सकाळी ६.००

किशोरच्या जुन्या अंकांचं माहीत नव्हतं. आज नातवाबरोबर बघतो. पापड्या गच्चीवर घालणाऱ्यांना एक सूचना: मे सरत आला की दुपारी तीननंतर आभाळावर लक्ष ठेवा. वळीव सांगून येत नाही. आमच्या आजीच्या कुरडयांचा एक अख्खा घाणा असाच गेला होता आणि आम्ही मुलांनी तो ओला चीक बोटांनी चाटून संपवला होता.

---

वाकडवासी | २१ मे, रात्री १०.४०

सांगायला आलो.

शुक्रवारी लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरच्या एकांना विचारलं. त्यांची मुलगी सहा वर्षांची. आम्ही तीन वर्षं एकाच लिफ्टने जातोय, मला त्यांचं आडनावही माहीत नव्हतं. शनिवारी दोनला ती आली. पहिला अर्धा तास दोघं एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसले होते. मला वाटलं, फसलं. मी आणि बायको स्वयंपाकघरात शांत बसून राहिलो. मग मुलाने आपली गाडी तिच्या दिशेने ढकलली. तिने परत ढकलली. तिथून सुरुवात झाली.

पाचला पाण्याची चित्रं. गच्ची नाही, म्हणून पार्किंगच्या बाहेरची कंपाउंडची भिंत. रखवालदारांना विचारलं, त्यांनी स्वतःच बादली भरून दिली. इतर चार मुलं आली. भिंत पश्चिमेकडची, चांगली तापलेली, चित्रं भराभर उडत होती. माझ्या मुलाने त्याचं नाव लिहायला घेतलं, दुसरं अक्षर होईपर्यंत पहिलं गेलं. तो चिडला नाही. पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. असं अकरा वेळा, मी मोजलं.

आज रविवारी तो माझ्या मांडीवर येऊन बसला तेव्हा मी लॅपटॉप उघडला नाही. रुणझुणताई, आभार.

---

रुणझुण | २१ मे, रात्री ११.१०

❤️ पुढच्या वेळी भिंत नंतर धुवून काढल्यासारखी स्वच्छ दिसते का तेही सांगा, आमच्या जिन्यात करून बघते.

---

चिमणचारा | २२ मे, सकाळी ११.००

पापड्या जमल्या! एकही तडकली नाही. मीठ खरंच कमी वाटत होतं, तळल्यावर बरोब्बर.

---

मोगरावेणी | २२ मे, रात्री ९.४५

वाकडवासी, अकरा वेळा! त्याला माझ्याकडून शाबासकी.

आमच्याकडची बातमी. काल धाकट्याने हट्ट धरला की आठची पापडी तळ. मोठीने बराच विचार केला आणि हो म्हणाली. तेलात टाकली, फुलली आणि मधल्या जोडावर फुटून दोन गोल झाले. मी झाऱ्यावर दोन्ही धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "आता ही दोन शून्यं आहेत." एक तिने घेतलं, एक त्याला दिलं. वाढदिवसाला नवीन आठ घालायचा आहे म्हणून परवा पुन्हा साबुदाणा भिजवते आहे. काका, आभाळावर लक्ष ठेवते.